गावात काही घडत नाही, तर लिहायचं काय?

दारव्ह्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. आधी तो थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तराचा धागा लागेल. ताईंचं वय चोवीस, बी.ए. झालंय. घरची सहा एकर कोरडवाहू, शेतात जाणं-येणं आणि घरी शिलाई मशीन. आतापर्यंत पाच कथा लिहिल्या. तीन कथांमध्ये शेतकरी आत्महत्या, एकीत दुष्काळ, एकीत हुंडा. दिवाळी अंकांकडे पाठवल्या, परत आल्या, सोबत एक ओळ : ‘विषयात नावीन्य नाही.’ ताई लिहितात, “आमच्या गावात काही घडतच नाही. मुक्कामी एसटी बंद झाल्यापासून तर संध्याकाळी सातनंतर कुत्रंही फिरत नाही. नवीन विषय सुचायला शहरात जावं लागते का? तुम्ही लोक कुठून आणता?”

ताई, मी तीस वर्षांपासून कथा लिहितो. त्यातली बावीस वर्षं एका जिनिंगमध्ये काट्यावर बसून गेली. दिवसभर कापसाचं वजन लिहायचं आणि रात्री कथा. नाव झालंय असं नाही, पण दिवाळीच्या सुमारास दोन-तीन अंकांची पत्रं येतात आणि त्यांना द्यायला काहीतरी असतं. तेव्हा सांगतो ते माझ्या अनुभवातून, नियम म्हणून नाही.

आधी शहराचं निपटवून टाकतो. मी पुण्यात दोन वर्षं काढली. तिथं मला खोलीचं भाडं सुचलं, कथा एकही सुचली नाही. पण हे माझं झालं. गाव सोडल्यावरच ज्यांना गाव दिसायला लागलं, असे लिहिणारेही आपल्याकडे आहेत. नोकरीसाठी जायचं असेल तर जा. विषयासाठी नको.

तुमच्या कथा मी वाचलेल्या नाहीत, त्यामुळे त्या का परत आल्या हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. शेवट ओढून आणला असेल, नाहीतर त्या वर्षी संपादकाच्या टेबलावर तशाच कथांचा ढीग पडला असेल. पण पाचातल्या तीन कथा एकाच गोष्टीवर म्हटल्यावर मला माझीच सुरुवात आठवली. माझ्याही पहिल्या चार कथांमध्ये फास होता. ज्या माणसाला मी कथेत मारत होतो, त्याची मला काडीची माहिती नव्हती. त्याच्या घरी बैलांची ढेप कोणाकडून उधार यायची, धाकट्या भावाशी तो काहून बोलत नव्हता, शेवटचा पोळा त्यानं कसा केला, काही नाही. पेपरात आलेला माणूस मी उचलला होता. तुमचे विषय जुने आहेत असं मला वाटत नाही. ते तुमच्याकडे बातमीच्या वाटेनं आले असावेत, असा माझा अंदाज आहे.

हे मला कळलं ते एका तेरवीच्या घरी. शेजारच्या गावात पोरगा गेला होता. ओसरीवर कागदपत्रं घेऊन एक माणूस बसला होता आणि म्हातारी त्याला विचारत होती, “म्हंजे माह्या पोराचं मरण अपात्र हाय का?” अशा मृत्यूनंतर आपल्याकडे चौकशी होते. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की कोणाचं, हे पाहतात आणि प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरतं. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत. पात्र-अपात्र हे शब्द मी पेपरात शंभर वेळा वाचले असतील. त्या म्हातारीच्या तोंडून ऐकले तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा शब्द एखाद्या घरात येऊन बसतो. शेजारणी पाणी भरताना विचारतात, “झालं का वो पात्र?” मी लिहिलेली ती पाचवी कथा. तिच्यात मरण पहिल्या ओळीआधीच होऊन गेलेलं आहे. ती छापून आली.

आता सुचायचं कसं, त्याकडे येतो. माझ्याकडे एक वही असते. खिशात मावणारी, जिनिंगच्या जुन्या पावतीबुकांच्या पाठकोऱ्या कागदांची शिवलेली. तिच्यात मी ‘कल्पना’ कधीच लिहीत नाही. ‘गरीब-श्रीमंत संघर्ष’, ‘बदलतं गाव’ असलं लिहून ठेवलं तर सहा महिन्यांनी त्यातून धुरळा निघतो. मी लिहितो ते एवढंच : काय पाहिलं, माणूस नेमकं काय बोलला, आणि मला काय समजलं नाही. तिसरी गोष्ट नसेल तर नोंद करत नाही. जे लगेच समजलं, ते पुन्हा कोणाला सांगायची मला हौस नसते.

एक नोंद दाखवतो. जानेवारीतली संध्याकाळ होती, आवक जोरात. बैलबंड्या आणि मेटॅडोरची रांग फाटकापासून रोडपर्यंत. एका माणसाची बंडी भरून मोजली, कापूस खाली झाल्यावर रिकामी मोजली, चिठ्ठी झाली. मग त्यानं बंडीच्या पुढच्या बाजूनं लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. “हे येगळं मोजा. चिठ्ठी येगळी लिहा.” मी म्हटलं, भुईकाट्यावर एवढंसं उमटतच नाही बाप्पा, मघाच्या मालात टाकलं असतंस तर? “नाई. येगळं.” मागं लोक ओरडायला लागले. शेवटी पोत्याच्या छोट्या काट्यावर मोजलं, अकरा किलो. नाव विचारलं तर त्यानं बायकोचं सांगितलं आणि मान दुसरीकडे केली. त्या रात्री वहीत लिहिलं : ‘११ किलो. वेगळी चिठ्ठी. बायकोच्या नावानं. लाजला काहून?’

चार वर्षं ती नोंद तशीच पडून होती. मी तिच्यावर दोनदा कथा लिहायला बसलो, दोन्ही वेळा प्रेमळ नवऱ्याची गोड गोष्ट झाली आणि फाडून टाकली. मग एका लग्नात आहेराच्या वहीवर मला बसवलं. एक मामी आल्या, एक्कावन्न रुपये ठेवले. माझ्या शेजारी बसलेला शिकलेला भाचा म्हणाला, “मामाजीचा लिहिला ना मामी, एका घरचा एकच असते.” मामी म्हणाल्या, “तो त्याह्यचा. हा माहा.” तो हसला. मामी हसल्या नाहीत. मागं रांग होती तरी जागच्या हलल्या नाहीत, वहीकडे पाहत उभ्या राहिल्या. मी नाव लिहिलं. घरी आलो, जुनी वही काढली आणि अकरा किलोची नोंद तिच्या शेजारी ठेवली. पंधरा दिवसांत कथा झाली : जिला आयुष्यात एकदा कुठल्यातरी वहीत स्वतःच्या नावाची ओळ हवी आहे अशी बाई, आणि तिच्या वाटेत उभा असलेला, मनानं मुळीच वाईट नसलेला, शिकलेला भाचा.

माझ्या बहुतेक कथा अशाच झाल्यात. एकटी नोंद किस्सा होऊन राहते, पारावर सांगितली की संपली. दुसरी कुठून तरी येऊन तिला धडकावी लागते. ती कधी येईल ते माझ्या हातात नाही, पण वहीत शंभर नोंदी असतील तर धडक व्हायची शक्यता वाढते. दहा असतील तर वाट पाहत बसावं लागते. सुरुवातीच्या वर्षात कथा कमी लिहा आणि नोंदी जास्त करा, असं मी म्हणतो ते यासाठी.

दुसरी वाट शेतातूनच जाते आणि ती तुमच्यासारख्या शेतात वावरणाऱ्या माणसाला जास्त सोपी आहे. आपल्या कामांमध्ये भांडणं आधीपासूनच शिवलेली असतात. फरदडच घ्या, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेलं जास्तीचं पीक. उलंगवाडी झाली, शेवटचा कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उपटायची वेळ आली. पण एकाच्या विहिरीला पाणी आहे, तो दोन ओलीत देतो आणि पऱ्हाटी उभी ठेवतो. आणखी क्विंटल-दोन क्विंटल निघते, तेवढ्यात पोरीच्या कॉलेजची फी निघते. कृषी खातं सांगते, फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळते आणि पुढच्या हंगामात ती सगळ्या शिवारावर येते. म्हणजे यानं घेतलेल्या दोन क्विंटलचे पैसे पुढच्या वर्षी धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा, भरणार. धुऱ्यापलीकडचा चुलत भाऊ आहे असं समजा. दोघांचंही बरोबर आहे. आता यात मला काही ‘सुचवावं’ लागत नाही, फक्त दोन माणसं नीट उभी करायची. फरदड हा शब्द माहीत नसलेल्या लेखकाला ही कथा मिळणारच नाही.

अशीच पांदणीची, म्हणजे शेतवाटेची भांडणं, धुऱ्यावरच्या बाभळीची भांडणं, पाडव्याला सालगड्याचं साल, म्हणजे वर्षभराच्या कामाचा मोबदला, ठरवताना होणारी ओढाताण. सालात ज्वारी किती, कपडे किती, आजारपणाचे खाडे कोणाचे, हे बोलणं चालू असताना एका बाजूला बसून ऐका. दोन माणसं एकमेकांना वर्षभरासाठी तोलून पाहत असतात आणि बोलतात मात्र चपलेच्या जोडाबद्दल.

इथं मला थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझी ही सगळी रीत पुरुषाची आहे. मी पानठेल्यावर तासभर उभा राहू शकतो, पारावर बसू शकतो, कोणाच्याही बंडीवर चढून गप्पा मारू शकतो. तुम्हाला ते जमणार नाही, किंवा जमवायला गेलात तर कथेपेक्षा तुमच्यावरच जास्त बोलणं होईल. त्यामुळे ‘गावात फिरा, माणसं पाहा’ हा सल्ला मी तुम्हाला जसाच्या तसा देत नाही.

पण तुम्ही जिथं आहात तिथं मला कोणी येऊ देत नाही, हेही तितकंच खरं. निंदणाला बाया पात धरून चालल्या असतात, मान खाली, हातात खुरपं, आणि डोळ्याला डोळा भिडवायचा नसल्यामुळे जे बोलणं होते ते समोरासमोर कधीच होत नाही. मी धुऱ्यावर गेलो की चूप. बचत गटाच्या बैठकीत कोणी हप्ता भरला नाही, कोणी तिच्यासाठी भरला आणि त्या बदल्यात काय मागितलं, हे तुम्हाला माहीत असते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या चिरत बसलेल्या जावा-जावांमध्ये कोण कोणाला विळा हातात न देता खाली ठेवते, ते मला कोण सांगणार?

आणि सर्वात मोठी गोष्ट तुमच्या घरात आहे, ती तुम्ही प्रश्नात अर्ध्या वाक्यात उरकून टाकली. शिलाई मशीन! मला तुमच्या मापाच्या वहीचा हेवा वाटला. एकाच बाईची तीन-चार वर्षांची मापं त्या वहीत असतील. छाती-कंबर दोन इंचांनी उतरली, ती काहून उतरली? लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली पोरगी ब्लाउजची बाही कोपरापर्यंत लांब करून मागते, तेव्हा तुम्ही काय विचारता आणि ती काय सांगते? आतून चोरखिसा लावून मागणाऱ्या बाया तुमच्याकडे येत असतील. तो खिसा किती मोठा हवा, हे सांगताना ती बोटांनी माप दाखवते, तेव्हा नोटेचं दाखवते की फोनचं? मेलेल्या सासूचं लुगडं फाडून गोधडी शिवायला टाकणारी आणि तेच लुगडं परत न्यायला आलेली नणंद, हे मी आत्ता बसल्या बसल्या रचलं. तुमच्याकडे याहून बरं निघेल. फक्त हे लिहिताना आपण मोठ्या विषयावर लिहीत नाही आहोत असं वाटून लाज वाटते. मला काट्यावरच्या कथा लिहिताना तशीच वाटायची. तेवढी लाज चार-सहा महिने सोसावी लागते.

ऐकण्याची एक रीत मात्र बाई-पुरुष सगळ्यांना चालते आणि ती आपल्याच भागातली आहे. अमरावती जिल्ह्यातलं, महानुभाव पंथाचं रिद्धपूर तुम्हाला माहीत असेल. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी म्हाइंभटांनी त्या पंथाच्या चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवल्या त्या एका जागी बसून नाही. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांच्याकडे ते गेले, विचारलं, लिहून घेतलं. एकाच प्रसंगाची कोणाची आठवण वेगळी असली तर लीळाचरित्रात ती वेगळी म्हणून सापडते. मराठी गद्यातला पहिला मोठा ग्रंथ असा विचारत फिरून झालेला आहे. मी त्यातून एवढंच उचललं, की एक घटना तिघांना विचारायची. एकाच बैठकीत नाही, वेगवेगळ्या दिवशी.

आमच्या गावात एका पोळ्याला मानाच्या जोडीवरून भांडण झालं. तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, यावरून दोन घरं अडली आणि दिवस मावळेपर्यंत पोळा फुटला नाही. एका घरच्या म्हाताऱ्यानं मला तीन पिढ्यांचा मान सांगितला. दुसऱ्या घरच्यानं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा राग सांगितला. दोन्ही मला आधीच ठाऊक होतं. मग दिवाळीत मी त्या जोडीचा कासरा धरून उभा असलेल्या सालगड्याला विचारलं. तो म्हणाला, “ते भांडून राह्यले होते तवा बैलाले पाणी कोणी पाजलं नाई. म्या पाजलं, तं मालक म्हणे तोरणाखालून हलवलाच काहून.” भांडणाला सात वर्षं झाली. दोन्ही घरांची सोयरीक झाली. सालगड्याला त्या दिवसापासून त्या घरानं साल दिलं नाही. पहिल्या दोघांवर थांबलो असतो तर माझ्याकडे आणखी एक ‘गावातलं राजकारण’ आलं असतं. तिसरा माणूस बहुतेक वेळा तो असतो ज्याला कोणी विचारलेलंच नसते, त्यामुळे त्याचं उत्तर अजून कोणाला सांगून सांगून गुळगुळीत झालेलं नसते.

विचारताना फोन चालू ठेवून चोरून रेकॉर्ड करू नका. आजकालची पोरं करतात. कळलं की गावात तुमच्यासमोर तोंड उघडणं बंद, आणि ते बरोबरच आहे.

यावरून आठवलं, एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. माझ्या चुलत भावाच्या घरी वाटणीच्या वेळी एक प्रकार झाला होता. मी तो जसाच्या तसा उचलला, फक्त नावं बदलली. दिवाळी अंक गावात कोण वाचते, असं वाटलं होतं. त्याच्या जावयानं वाचला. भाऊ माझ्या पोरीच्या लग्नाला आला नाही, आहेर पाठवला. कथा बरी होती, चार लोकांनी वाखाणली, पण ती आता मी कोणत्याच संग्रहात घेत नाही. तेव्हापासून एकाच घरातली एकच गोष्ट मी वापरत नाही. वर सांगितलं ना, दोन नोंदी धडकवायच्या. त्यात कथेचं भलं होतेच, पण माणूसही झाकला जातो. अकरा किलोवाला माणूस आणि आहेरवाली मामी यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, त्यामुळे दोघांनीही कथा वाचली तरी ती दुसऱ्याच कोणाची वाटली असती. तुमचं तर गिऱ्हाईक आहे. मापाच्या वहीतलं काही उचललं तर बाईचं वय, जात, आळी, काम सगळं हलवा. हलवल्यावर गोष्ट मरत असेल तर ती तुमची नव्हती, तिची होती. राहू द्या.

काही काळ काहीच सुचत नाही, त्याचंही सांगतो. जिनिंग सुटली तेव्हा माझं दीड वर्ष कोरडं गेलं. रोज वेगवेगळ्या गावची माणसं समोर येणं बंद झालं, दुसरं काय. त्या दीड वर्षात मी जुन्या वह्या नवीन वहीत उतरवून काढल्या, बाकी काही केलं नाही. उतरवता उतरवता बऱ्याच नोंदी मेलेल्या निघाल्या, त्या सोडल्या. वीसेक राहिल्या. सध्या त्यांच्यावरच चाललंय.

तेव्हा ताई, आत्महत्येवरच्या तीन कथा फाडू नका. त्या बाजूला ठेवा आणि प्रत्येकीतल्या माणसाबद्दल तुम्हाला खरोखर माहीत आहे तेवढंच एका कागदावर लिहा. एखाद्या कागदावर पाच ओळी झाल्या तर ती कथा पुन्हा लिहिण्यासारखी आहे. कोरा राहिला तर तो माणूस तुमच्या ओळखीचा नाही.

आणि ती मुक्कामी एसटी. गावात काही घडत नाही हे सांगायला तुम्ही ती लिहिली आणि पुढे गेलात. मी मात्र तिथंच अडकलो. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री झोपायचे कुठे, गाडीत, शाळेच्या ओट्यावर की देवळात? त्यांना जेवणाचा डबा कोणत्या घरून जायचा, आणि त्या घरात आता संध्याकाळी दोन माणसांच्या भाकरी कमी थापतात तेव्हा कोणाला काय वाटते? सकाळच्या त्या गाडीनं कॉलेजला जाणाऱ्या पोरी किती होत्या, आणि गाडी बंद झाल्यावर त्यातल्या कोणाचं लग्न ठरलं? डब्याचं आधी विचारा. तिघांना विचारा.